स्टेपनी नंबर चौदा

नाव: सेफेरिना पाल्मा. वय: अंदाजे एकसष्ट. धंदा: टायरच्या वहाणा करणे व शेळ्या राखणे. राहणार: रेकोराची, वरची वस्ती, सान हासिंतोपासून पायी चार तास, राज्य चिवावा.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, कुणी बोलावलेले नसताना, माझ्या मनाने सांगते की, मी वरील ठिकाणी नातीसोबत राहते. वहाणा करण्याचे काम मी चाळीस वर्षे करत आहे. माझ्या वहाणेला एक तळ आणि एक वादी असते, बाकी काही नसते. मी स्वतः अनवाणी चालते. गेल्या वर्षी एक परदेशी पाहुणा आमच्याकडे अनवाणी पळायला शिकण्यासाठी आला होता. त्याला मी सांगितले की पाय उचलायचा आणि ठेवायचा. त्याने ते वहीत लिहून घेतले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

हा जबाब लिहून घेणारा शिपाई नातालिओ याच्याच नोकरीवर बेतलेले आहे. ठाण्यात आमची रारामुरी भाषा त्याच्याशिवाय कोणाला येत नाही, त्यामुळे इलाज नाही. तो दोन लेकरांचा बाप असून त्याला कामाला लागून अकरा महिने झाले आहेत. ठाण्याच्या गाडीची स्टेपनी त्याच्या ताब्यातून गेली, उद्या बुधवारी वरून तपासणी येणार आहे आणि तोवर स्टेपनी मिळाली नाही तर त्याला काढून टाकणार, असे मला त्याच्या आईने काल सांगितले. ती सांगताना रडली. म्हणून मी आज पहाटे निघाले.

घडले ते असे. तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी बाजाराला आले होते. देवळामागे नातालिओ गाडी धूत होता. धुवून झाल्यावर तो सावलीत बसून भाकरी खाऊ लागला. स्टेपनी काढून बाजूला ठेवलेली होती. टायर नवाकोरा होता, रस्ता न बघितलेला. त्याच्या नक्षीवर पांढऱ्या रंगाने चौदा आकडा काढलेला होता. टायरावर संत्र्यांची पिशवी होती.

आमच्यात ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडे ज्याला कमी आहे त्याने मागायचे असते. त्याला आम्ही कोरिमा म्हणतो. ती भीक नाही, उधारी नाही आणि त्याचे आभारही मानत नाहीत. पोलिसांच्या गाडीला चार टायर लावलेले असताना पाचवा नुसता बसून होता, हे मी डोळ्यांनी पाहिले. इकडे आमच्या वस्तीतल्या बायकांची काठीने वेताची कडी फेकत तिच्यामागे पळायची शर्यत जवळ आली होती आणि सात जणींच्या वहाणा फाटलेल्या होत्या, त्यात माझी नातही होती. म्हणून मी टायरकडे ओठ पुढे करून दाखवले आणि म्हणाले, "कोरिमा." नातालिओचे तोंड घासाने भरलेले होते. त्याने मान हलवली, हातानेही घे घे म्हणून सांगितले आणि तो पाणी प्यायला देवळापुढे गेला.

त्याला वाटले मी संत्री मागते आहे. हे मला आज कळले.

मी संत्र्यांची पिशवी उचलून गाडीच्या टपावर नीट ठेवली, टायर उभा केला आणि लोटत घेऊन गेले. एकही संत्रे घेतले नाही. माणूस मोठ्या मनाचा आहे असे मी वाटेत भेटलेल्या तिघांना सांगितले. चोरी करणारी बाई भर बाजारातून टायर लोटत नेत नाही, एवढे साहेबांनी ध्यानात घ्यावे.

सदर टायरातून मी सात जोड काढले आणि एक जोड पुरेल एवढा तुकडा उरला. आकडा त्याच तुकड्यावर होता. रंगावरून पाय सरकतो म्हणून पळणाऱ्या बायकांना तो मी दिला नव्हता. पुढच्या गुरुवारी नातालिओ स्वतः माझ्या घरी आला. त्याने वर्तमानपत्रावर पेन्सिलने काढलेले दोन पाय आणले होते. पाय कोणाचे ते सांगायचे नाही असे त्याला बजावलेले होते. इतके रुंद पाय मी फार पाहिले नाहीत. दोन्ही करंगळ्यांवर भोवरी असून ते पाय बुटात फार हाल सोसतात, एवढेच तो म्हणाला. मी उरलेल्या तुकड्याचा जोड करून, कागदात गुंडाळून दिला. नातालिओने तो उलटून पाहिला नाही.

शर्यत परवा रविवारी झाली. आमच्या बायका जिंकल्या. नात पहिली आली. हे नातालिओ लिहीत नव्हता, मी लिहायला लावले.

वरीलप्रमाणे सांगितल्यावर कमांडंट रोमान लोया साहेब रागावले. नातालिओ मधे बसून इकडचे तिकडे सांगत होता. साहेबांचे म्हणणे असे की, शिपायाने टायर दिला असेल तर शिपाई घरी जाईल आणि बाईने नेला असेल तर बाई कोठडीत जाईल, तिसरे काही कायद्यात नाही. मी म्हणाले मला कोठडीत घाला, शेळ्या नात बघेल. नातालिओने ते साहेबांना सांगितलेच नाही. तो मान खाली घालून लिहीत राहिला आणि कागदावर पाणी पडले. तिथली शाई फुटलेली आहे ती त्यामुळे.

मला फार वाईट वाटले. तेवढ्यात साहेबांनी खुर्ची मागे सारली आणि पायावर पाय टाकला. त्यांचे बूट टेबलाखाली रिकामे उभे होते.

मी म्हणाले, "साहेब, टायर सापडला."

"कुठे आहे?"

"चौदातला चार तुमच्या या वहाणेच्या तळाला आहे. एकचा आकडा दुसऱ्या पायात असेल."

साहेबांनी आधी एक पाय वर करून पाहिला, मग दुसरा. नातालिओचा हात थांबला होता. साहेब त्याला म्हणाले, "थांबलास का? लिही. स्टेपनी नंबर चौदा पोलीस खात्याच्या रोजच्या वापरात आहे."

हे लिहून झाल्यावर साहेबांनी वहाणा काढून टेबलावर ठेवल्या आणि बूट पायात घालून पाहिला. करंगळीपाशी बूट अडला तसा त्यांनी तो काढला. तपासणीला मुद्देमाल दाखवून झाला की वहाणा परत मिळतील का, असे त्यांनी नातालिओकरवी मला विचारले. माझ्याकडे न बघता ते आमच्या भाषेतला मागायचा तो एकच शब्द म्हणाले. उच्चार चुकीचा होता. मी मान हलवली.

भोवरी दुखायची थांबली आहे हे जबाबात घेऊ नये असे साहेबांनी सांगितले आहे.

वरील मजकूर मला माझ्या भाषेत दोनदा ऐकवला. मी सांगितले तसाच तो आहे, संत्र्यांसकट. खाली अंगठा माझाच आहे.