उसनं नाक

नाही, तुम्हीच सांगा, नाक ही काय शेजाऱ्याकडे मागायची वस्तू आहे? माणूस साखर मागतो, शिडी मागतो, फार झालं तर पान्हा मागतो... मी नाक मागितलं! आणि तेही कुणाचं, तर समोरच्या दारातल्या हुंगोजीरावांचं! हे नाव आमच्या घरातलं, त्यांना माहीत नाही. आमचं बुटांचं कपाट दाराबाहेर असतं, तर दोन वर्षांपूर्वी हे गृहस्थ जिन्यात उभे राहून म्हणाले, "तुमच्या बुटांचा वास माझ्या झोपायच्या खोलीत येतो." मी म्हटलं, "नाक तुमचं आहे, तुम्हीच आवरा." झालं! बोलणं बंद. समोरासमोर आलो की ते छताकडे बघतात आणि मी खिशात किल्ली शोधतो. किल्ली हातात असते.

तर त्या दिवशी सिलिंडर संपला, नवा मीच लावला. सर्दी अशी की दोन्ही नाकपुड्यांना कुलूप, पण हात तर चालू होते ना! टोपी काढली, रेग्युलेटर बसवला, खटका फिरवला, चहाचं पातेलं उचलतो तोच कानावर आलं... फुस्स. अगदी बारीक. वाकून वास घेतला, काही नाही. तुम्हाला सांगतो, माणूस इथेच फसतो! वास नाही म्हणजे गळती नाही, अशी मी स्वतःची समजूतसुद्धा घातली... पण वास मला कशाचाच येत नव्हता हो! सकाळी नाकाखाली बाम चोळला होता, त्याचाही नाही!

मग मात्र एकच धावपळ! खटका बंद, शेगडी बंद, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी, खिडक्या सताड उघड्या, आणि पंखा लावायला हात पुढे केला तर आईने फाडकन चापट मारली. "बटणाला हात लावशील तर खबरदार! एक ठिणगी, की तू, मी आणि छप्पर एकदमच वर!" म्हटलं, तुला येतोय का वास? "माझं नाक कधीच गेलं. सुखाची आहे मी." सुखाची का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

आईला खुर्चीसकट जिन्यात आणून बसवलं आणि गॅसवाल्यांना फोन लावला, तोही जिन्यातूनच. पलीकडून बाई, आवाज लोण्यासारखा. "वास येतोय का, सर?" म्हटलं, बाई, मला सर्दी झालीय. "हो सर, पण वास येतोय का?" अहो, आवाज येतोय! "आवाजाचा रकाना नाही, सर. वास असेल तर माणूस लगेच, नसेल तर उद्या दुपारी." आता काय करावं? खोटं बोललो असतो, पण आई शेजारी बसलेली. आणि खरं सांगावं तर वास मला येत नव्हता हो! "घरात दुसऱ्या कुणाला येतोय का, सर?"

आईने समोरच्या दाराकडे बघितलं. "जा."

"आई, आपण बोलत नाही त्यांच्याशी!"

"मग बोलू नकोस. नुसतं नाक माग."

बेल दाबली नाही, तीही वीजच. दार ठोठावलं. हुंगोजीराव आले. म्हटलं, गॅस... सर्दी... जरा वास घेता का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... मला वाटलं, आता म्हणतील, नाक तुमचं आहे, तुम्हीच आवरा. म्हणाले असते तर चुकलंही नसतं. पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आमच्या उंबऱ्यावर चक्क हातागुडघ्यांवर बसले! "गॅस जड, तो खाली बसतो." डोळे मिटले, नाक फरशीला. मी आणि आई श्वास रोखून.

"आहे," म्हणाले. "थोडा आहे, पण आहे. आत पाऊल टाकू नका." मग त्यांची मान हळूहळू बुटांच्या कपाटाकडे वळली. थांबली. परत आली.

मी फोनवर ओरडलो, वास येतोय! "धन्यवाद, सर," बाई म्हणाली.

गॅसवाला आला. सिलिंडरच्या तोंडातलं रबरी कडं चिरलं होतं, ते बदललं, रेग्युलेटर बसवून साबणाचा फेस फासला, एक फुगा नाही. "लावायच्या आधी रबर बघत जा, काका. आणि फेसच लावून बघायचं, काडी ओढून नाही." म्हटलं, फेस ठीक, पण ज्याला नाकच नाही त्याने काय करावं? तर हुंगोजीराव म्हणतात, "मला हाक मारायची." फार मोठं बोलला तो माणूस.

आता हाक मारावी लागतच नाही, रोज सकाळी आपणहून येतात, उंबऱ्यावर वाकतात, "ठीक आहे" म्हणतात, जातात. गेल्या आठवड्यात माझी सर्दी गेली. आनंदाने दार उघडलं, भरभरून श्वास घेतला, आणि... चौकट धरून उभा राहिलो! शेगडी नाही, सिलिंडर नाही... बूट! माझे! इतके दिवस सवयीने कळलंच नव्हतं, सर्दीने नाक कोरं करून दिलं! दोन वर्षं हा माणूस यात झोपला? तेवढ्यात ते आलेच. वाकले, हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "छे, कसलाही वास नाही."

त्याच दिवशी बूट आत घेतले. धुतले, वाळवले, काही फरक नाही. आता माझ्या पलंगाखाली असतात. रोज रात्री उघड्या खिडकीत ओलं डोकं घेऊन बसतो हो... पण सर्दी काही होत नाही!