पडवळाची आवड

मी: आज पण पडवळच. बघ, परातभर चिरून ठेवलंय.

मृणाली: आई, परत?

मी: मी कोण ठरवणार गो? तुझ्या कॉम्प्युटरचा कागद आला, दोन्ही कडांना भोकं पाडलेला. त्यावर पडवळ छापलंय. पेणला घरी सासू मी, इथं रोह्याला कंपनीत सासू तो. सुनेला एक सासू पुरत नाय म्हणून कंपनीनं दुसरी दिली.

मृणाली: टोमणे नंतर मारा. कॉम्प्युटरच्या खोलीला काय केलंय बघितलंत? कुणीतरी दाराला पडवळाचं तोरण बांधलंय.

हौसा: व्हय, मी बघितलं. मधी झेंडूचं फूल पण खोचलंय. लय बेस दिसतं.

मी: हौसा, तू भांडी घास.

मृणाली: अर्धी शिफ्ट कॅन्टीन सोडून गेटबाहेर खालिदच्या गाडीवर आम्लेट-पाव खाते. माझं डोकंच चालत नाही. प्रोग्राम चुकीचा नाहीये, आई. तो स्वतः शिकतो. ताटातलं उष्टं आपण बादलीत जमा करतो, तोलतो, तो आकडा मी त्याला देते. उष्टं कमी पडलं की त्याला कळतं, आजचं जेवण लोकांना आवडलं. आणि पडवळाच्या दिवशी बादली जवळजवळ रिकामी असते!

मी: ताटात घेतलंच नाय तर बादलीत काय टाकणार, कपाळ?

मृणाली: म्हणजे?

मी: म्हणजे पडवळ दिसलं की माणूस पुढं सरकतो. आमटी-भात ओरपतो, नायतर खालिदकडं पळतो. भाजीचा टोप भरल्या पोटी परत येतो.

मृणाली: मग टोपातलं जातं कुठे?

हौसा: आमच्या म्हशीकडं.

मी: हौसा!

हौसा: इचारलं म्हणून सांगितलं. म्हस खूश हाय. तुमच्या कॉम्प्युटरला तिची आवड बरोब्बर कळली बघा.

मृणाली: देवा. आणि बांगडा? बांगड्याच्या दिवशी बादली ओसंडून वाहायची. म्हणून तर प्रोग्रामने मासळी बंद केली.

मी: गो बाय माझे, बांगड्याला काटे असतात. डोकी असतात. ती काय लोकांनी गिळायची?

मृणाली: ...काटे.

मी: रामवाडीत वाढलीस, बाजारातनं मासळीच्या पाट्या बघत शाळेत गेलीस, नि काट्यांना उष्टं समजलीस! तुझ्या आयशीला सांगू नको, तोंड लपवंल बिचारी.

मृणाली: मी बादलीत बघितलं कुठे? मी फक्त आकडा बघितला. पण तुम्हाला हे पहिल्यापासून ठाऊक होतं?

मी: व्हय.

मृणाली: आणि बोलला नाहीत.

मी: विचारलंस? चपला बाहेर काढून त्या गार खोलीत जातेस, देवळात जावं तशी. देवाला कोण शिकवणार? म्हटलं, बघू या, देवाला अक्कल कधी येते.

मृणाली: मजा बघत होतात.

मी: थोडी. घरात टीव्ही बिघडलाय.

मृणाली: मग आता पुढची मजा ऐका. कामगारांनी साहेबांकडे तक्रार केली. साहेब आज स्वतः इथे जेवायला बसणार आहेत. जेवण पटलं नाही तर एक तारखेपासून पनवेलच्या कंत्राटदाराचे डबे. कॅन्टीनला कुलूप. तुम्ही घरी, हौसामावशी घरी, भाकऱ्या थापणाऱ्या सगळ्या बायका घरी.

हौसा: अगो माझे आये!

मी: आन् हे आता सांगतेस? आधी का नाय बोललीस?

मृणाली: विचारलंत?

मी: ...हौसा, कपाळाला हात लावून बसू नको, तो चुलीला लाव. आपल्या पोऱ्या जगनला सायकलवरनं बाजारात पिटाळ. बांगडे आण म्हणावं, कल्ले उघडून लाल बघून घे. पोट फुटलेले आणलेस तर तुलाच शिजवीन म्हणावं.

हौसा: नि हे पडवळ?

मी: म्हशीला ने. तिच्या नशिबात राजयोग हाय.

मृणाली: आई, अजून एक. भात.

मी: भाताला काय झालं?

मृणाली: कोठीतून तांदूळ निघतो किती आणि जेवणाऱ्यांची कूपनं जमतात किती, मेळच बसत नाही. रोज एक टोप जास्त शिजतो. इथे काटे नाहीत. हा हिशेब मी हाताने करून बघितलाय, प्रोग्रामचं बरोबर आहे.

मी: भात कमी पडला तर नाक माझं कापलं जाईल, कॉम्प्युटरचं नाय. त्याला नाकच नाय.

मृणाली: आणि आज साहेबांनी तो उरलेला टोप बघितला तर? मासळीचं तुमचं ऐकलं ना मी?

मी: ऐकलंस कसलं, अडलं तुझं.

मृणाली: बरं, अडलं. आता तुमचंही अडलंय. एक दिवस माझं ऐका.

मी: एक जरी माणूस भाताविना उठला ना, तर ते तोरण सोडून तुझ्या गळ्यात घालीन.

मृणाली: घाला. वाकून उभी राहते.

मी: हौसा, भाताचा एक टोप कमी चढव. तूच चढव, मला बघवायचं नाय.

(दुपारी. साहेब जेवून, बडीशेप चघळत वर गेला, त्यानंतर.)

हौसा: साहेबानं कालवण तीनदा मागितलं. काटे कसे ताटाच्या कडेनं लावून ठेवले, रांगोळीवानी!

मृणाली: पनवेलवाल्याला नको म्हणून कळवतायत. प्रोग्राम राहू दे म्हणाले, पण छापलेला कागद आधी बायजाबाईंना, म्हणजे तुम्हाला, दाखवायचा. तुमची सही झाली तरच चूल पेटवायची.

मी: सहीला मला वेळ लागतो गो. फुली पटकन मारता येते.

मृणाली: माहितीये. आणि भात? शेवटचं कूपन हिरामणचं होतं, तोही पोटभर जेवून गेला. टोपात शीत नाही उरलं.

मी: पुरला. म्हटलं ना, पुरला. किती वेळा वदवून घेशील?

हौसा: काकी, मग आपण काय खायचं?

मृणाली: म्हणजे? तुम्ही जेवला नाहीत अजून?

हौसा: आमी मागनं जेवतो. उरल्यावर.

मृणाली: रोज? सगळ्याजणी? पण तुमची कूपनं तर कधीच...

मी: रांधणारणीला कसलं गो कूपन?

मृणाली: तो जास्तीचा टोप... ते तुमचं जेवण होतं, आई.

मी: असंल. मी आपली इतकी वर्षं समजत होते, माझा हातच सढळ हाय.

मृणाली: आधी आत्ताच्या आत्ता तांदूळ वैरा. आणि उद्यापासून तुम्ही सगळ्या प्रोग्राममध्ये. हौसामावशी, तुम्हाला भात किती लागतो?

हौसा: दोन मुदी. कालवण असलं तर तीन लिवा.

मृणाली: आई, तुम्हाला?

मी: मला काय, थोडा.

मृणाली: थोडा म्हणजे किती? त्याला आकडा लागतो.

मी: ठाऊक नाय गो. लग्न झाल्यापासनं उरेल तेवढाच घेतला. उद्या पोटभर जेवून बघते, मग सांगते.