माझी भिंत, माझे दगड

...माणुसकी राहिलीच नाही हो! नाही, तुम्हीच सांगा, शेजारी दगडांखाली सापडलाय, बोंबलतोय, आणि हा बाबा घरातून स्टूल आणून समोर बसतो? शेजारचा सुतार हो! दोन्ही हात धडधाकट!

आता तुम्ही म्हणाल, तुम्हीच काहीतरी केलं असेल. मी काय करणार? मी एवढंच सांगितलं होतं, बाबा रे, हद्द म्हणजे हद्द! तुझ्याकडचं जे माझ्याकडे येईल ते माझं. चुकलं काही? त्याच्या लिंबाची फांदी आली वाकून, तोडली. मग त्याच्या आईची कोंबडी आली. म्हातारीला दिसत नाही, दिवसभर त्या कोंबडीला मांडीवर घेऊन गप्पा मारायची... पण आली ना इकडे? खाल्ली! आणि तुम्हाला सांगतो, मी काही लुबाडणारा माणूस नाही, पिसं पिशवीत भरून नेऊन दिली. म्हटलं, "आजी, ही तेवढी तुमची!" म्हातारी पिशवीत हात घालून चाचपत राहिली, चाचपत राहिली... बायको माझ्यावरच उखडली, "अहो, पचेल का तुम्हाला?" पचली की! चांगली होती कोंबडी.

मग म्हटलं रोजची कटकट नको, भिंतच घालू, आणि गवंडी हवा कशाला, दगड मीच रचले. सुतार म्हणतो, "दादा, पाया कच्चा वाटतोय, हात लावू का जरा?" म्हटलं खबरदार! माझ्या दगडाला हात लावलास तर हात तोडीन! हद्द म्हणजे हद्द!

शेवटचा दगड ठेवायला वर चढलो, आणि अख्खी भिंत मला घेऊन खाली! मी माझ्याकडे पडलो हो, पण डावा पाय... पाय पलीकडे! वर दगडांचा ढीग! ओरडलो, "अरे धाव!" आला. निवांत. "दादा, दगड कुणाचे?" माझे! "मग हात कसा लावू? तोडाल ना." मेल्या, पाय तरी ओढ! "पाय?" फळी निवडताना बघतो तसा वाकून बघितला हो त्याने! "पाय तर माझ्याकडे आलाय. हद्द म्हणजे हद्द ना, दादा?" आतून म्हातारी विचारते, "कोण रे ओरडतंय?" तर म्हणतो, "काही नाही आई, आपल्याकडे काहीतरी आलंय."

बायको बाजारातून आली, तिने हात जोडले, तेव्हा कुठे उठला. "वहिनी म्हणतात म्हणून." तोवर पायाचं पीठ झालं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पाय वाचला असता. म्हटलं, मला काय सांगता, त्या सुताराला सांगा!

आणि काल आला की भेटायला, म्हातारीचा हात धरून! मला वाटलं, आले माफी मागायला. म्हातारीने चाचपत माझी खाट शोधली, पांघरूण चाचपलं, आणि जिथे पाय असायला हवा होता ना, तिथे पिशवी ठेवली. तीच, पिसांची. आत चप्पल. डावी.

"बाळा," म्हणाली, "ही तेवढी तुझी."

घेतली. करता काय? हद्द म्हणजे हद्द...