हळू बोला, मॅडम

बजाजनगरच्या ज्या शाळेत मी समुपदेशक आहे ना, तिथली दुसरीतली एक मुलगी कायम कुजबुजतच बोलायची. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. मग बाईंनी तिला माझ्याकडं पाठवलं.

मी म्हटलं, "मोठ्यानं बोल की गं."

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, मॅडम. पप्पा झोपलेत."

"अगं, ही शाळा आहे!"

तरी तिची कुजबुज सुटेना. माझ्या डोक्यात नको ते आलं, की बाप मारत असणार. तावातावानं त्याला बोलावून घेतलं. त्यानं सांगितलं, कंपनीत कायम नाइट शिफ्ट, म्हणून दिवसा झोप, अन् घर एका खोलीचं, म्हणून पोरगी घरात कुजबुजते. शाळेतही ती कुजबुजतेच, हे मी सांगितल्यावर त्यानं मान खाली घातली.

"मॅडम, इथं कधी मोठ्यानं बोलली तर मला बोलवा. मला तिचा आवाजच माहीत नाय."