संघपालचं दार

अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याची गाडी अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दुर्गाबाई आणि त्यांचा पस्तिशीचा मुलगा संघपाल बसले होते. तो अकोल्याला गतिमंद माणसांच्या घरात नुकताच राहायला गेलेला. चार दिवस आईकडे काढून परत निघाला होता.

"खरं सांग बाप्पा, तिथं जेवाले गरम देतात का?"

"नाई देत."

"पाह्य! मले वाटलंच होतं!"

"आमीच सैपाक करतो. वांग्याची भाजी माह्याकडं असते."

"तुह्याकडं? अन् तुमाले सांभाळाले ठेवलेली ते दीक्षा मॅडम काय करून राहिली मंग?"

"खाते. मीठ जास्त झालं म्हणते."

"पगार घेऊन वरतून नावं ठेवते? तुहे कपडे तरी धुते का?"

"मशीन धुते. बटन मी दाबतो."

"अन् रात्री पांघरूण कोण घालते?"

"मॅडम तं खोलीत येतच नाई."

"कावून?"

"दार वाजवते. मी 'या' म्हटलं तरच येते. नाई म्हटलं तं चालली जाते."

"अन् तू नाई म्हणतं?"

"रोज म्हणतो."

"रोज! कावून रे?"

"मजा येते."

"असं कुठं असते का? पुढच्या आठवड्यात मीच येईन. तुह्या खोलीतच राहीन."

"ये. पण दार वाजवजो."

"मी? तुही माय?"

"हो."

"अन् तू नाई म्हटलं तं?"



"तं जाऊ नको. थोडं थांबून पुन्हा वाजवजो."