अळणी पेज

आनंदी : चल गं खाली. भरली वांगी केलीत, भाकरी आत्ता तव्यावरून उतरवली. गार झाल्यावर खाणार का?

ऊर्मी : आई, सकाळीच सांगितलं ना तुला? आज मलर आंटींची कंजी घेतल्याशिवाय मी काही खाणार नाही.

आनंदी : म्हणजे मी साताऱ्याहून एवढ्या लांब तुझ्या कॉन्व्होकेशनला आले, माझं जेवण बेसमेंटमध्ये ताटकळणार, आणि तू इथे वर घरमालकिणीच्या किचनमध्ये पेजेची वाट बघत बसणार!

ऊर्मी : हळू बोल. शेजारून करवंट्या घेऊन त्या येतीलच एवढ्यात.

आनंदी : हळू कशाला? मराठी कळतंय का तिला? आणि करवंटीत जेवतं का कुणी? घरात भांडी नाहीत?

ऊर्मी : आई, प्लीज. स्टार्ट करू नकोस.

आनंदी : स्टार्ट तू केलंस. फोनवर बघावं तर मलर आंटी असं म्हणाल्या, मलर आंटींनी तसं केलं. गेल्या विंटरमध्ये ताप आला तुला, मला कळवलंसुद्धा नाहीस. तिनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या म्हणे. मी नंतर ऐकायचं, तेही हसत हसत!

ऊर्मी : तू काळजी केली असतीस म्हणून नाही सांगितलं. तिकडे बसून काय करणार होतीस?

आनंदी : काळजी केली असती. तेवढं तरी करू द्यायचं होतंस की.

ऊर्मी : तू जेलस आहेस, आई.

आनंदी : आहेच. जळते मी. पोर माझी, आणि न्हाणंधुणं सोडलं तर सगळं ती करते. आता पीआरला अप्लाय करणार म्हणतेस, म्हणजे तू इथलीच. मग मी कोण? वर्षातून एकदा येणारी पाहुणी?

ऊर्मी : असं काही नाहीये.

आनंदी : मघाशी तुला हाक मारली तिनं, काय ते, "मगळे". मला विचारायची गरज नाही, अर्थ कळतो. मुली म्हणते तुला. स्वतःची मुलं नाहीत का तिला?

ऊर्मी : होती एक. तेन्मोळी.

आनंदी : होती म्हणजे?

ऊर्मी : आज अठरा मे. श्रीलंकेतलं युद्ध संपलं त्याला आठ वर्षं झाली. आज इथे स्कारबरोत किती तमिळ घरांत ही कंजी शिजत असेल, माहितीये? शेवटच्या आठवड्यांत तिकडे लोक यावरच जगले, भांडी नव्हती म्हणून करवंटीतून पिऊन. आंटी मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर होत्या. वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण. जमिनीवरून आर्मी पुढे सरकतेय, समुद्रात नेव्हीच्या बोटी उभ्या. आणि मध्ये ही एवढी माणसं. नो फायर झोन म्हणायचे त्याला, आणि तोफा तिथेच पडायच्या.

आनंदी : मग पळून जायचं ना.

ऊर्मी : कुठे? त्यांच्याच बाजूचे लढणारे जाऊ देत नव्हते. पळणाऱ्यांवर तेही गोळ्या झाडायचे. वर पोरं उचलून न्यायचे लढायला. तेन्मोळी चौदाची. माझ्याच वयाची असती आज. आंटींनी तिला खंदकात लपवून ठेवलेलं. साड्यांच्या पिशव्या शिवून वाळू भरली, त्या रचल्या भोवती. लग्नातली साडीसुद्धा.

आनंदी : अगंबाई. आणि मी म्हणत होते, एक बरी साडी नाही बाईकडे.

ऊर्मी : खायला नुसती पेज. मीठ संपलेलं. तेन्मोळी म्हणायची, अम्मा, थोडं मीठ घाल ना, घशाखाली उतरत नाही. आणि समुद्र तर समोरच. एक दिवस आंटींचा डोळा चुकवून पेला घेऊन पळाली पाण्याकडे. बोटींवरून फायरिंग चालू होतं.

आनंदी : मग?

ऊर्मी : मग काय, आई. म्हणून आंटींची कंजी अळणी असते. इतरांकडे चिमूटभर घालतात. आंटी नाही. आई? काय झालं? बस इथे.

आनंदी : ऊर्मी, त्या पातेल्यात मी मीठ घातलंय.

ऊर्मी : काय?

आनंदी : तू वर यायच्या आधी. तिनं खुणेनं सांगितलं, जरा ढवळा. मी चव घेतली तर अळणी. म्हटलं, हिच्या हाताला चव नाही, आणि माझी लेक हिचं कौतुक करते! मग मूठभर घातलं. म्हटलं, खाऊ दे पोरीला, कळू दे फरक.

ऊर्मी : आई! काय केलंस हे! आता नवीन शिजवायलाही वेळ नाही. त्या आल्याच बघ. तू काही बोलू नकोस, मी सांगते.

(मलर आंटी करवंट्या ओट्यावर ठेवतात, पळीभर पेज वाटीत घेऊन चाखतात.)

मलर : सॉल्ट.

ऊर्मी : आंटी, आय अ‍ॅम सो सॉरी, आईला माहीत नव्हतं, शी डिडन्ट नो—

आनंदी : तू मध्ये पडू नकोस. मी. मी घातलं. माफ करा मला.

मलर : यू?

आनंदी : हो. मी.

मलर : एव्हरी इयर आय टेक सॉल्ट इन हॅन्ड. शी आस्क्ड, नो? एव्हरी इयर. हॅन्ड नॉट गोइंग.

आनंदी : काय म्हणतायत? रागावल्यात का?

ऊर्मी : नाही. म्हणतायत, दरवर्षी मीठ हातात घेतात. लेकीनं मागितलं होतं ना. पण हात पुढे होत नाही.

मलर : टुडे शी गॉट. ऊर्मी, मगळे, कम. यू ईट फर्स्ट.

ऊर्मी : आई, म्हणतायत, आज तिला मिळालं मीठ. आणि पहिली करवंटी मला देतायत.

आनंदी : मग बघतेस काय माझ्याकडे? मलरताईंच्या हातनं खा. वांगी मी मागाहून गरम करते.