मेणावरचं सोनं

काकू : महागाईचं साल होतं ते. मी विसरलेली नाही.

सिस्टर : काकू, आधी हात सैल सोडा. अजून सुई टोचलीही नाही, तोवर डोळ्यांत पाणी?

काकू : सुईचं नाही गं. काल तू इंजेक्शन द्यायला घरी आलीस तेव्हा बोलता बोलता म्हणालीस ना, तुझी आई गिरणीमागे शिवणकाम करायची? तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. तिथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान आमचं.

सिस्टर : ते तुमचं? अगंबाई! मी सात वर्षांची होते. नोटांची रद्दी झाली ते साल. सकाळी जेवढ्या नोटांत पाव यायचा, तेवढ्यात संध्याकाळी काडेपेटीसुद्धा मिळेना.

काकू : आमच्या ह्यांनी दारावर पाटी लावली, ‘फक्त सोनं’. मोठ्या ऐटीत म्हणाले, सोन्याला कोण नाही म्हणणार? पहिल्याच दिवशी एक बाई पावासाठी बांगडी घेऊन उभी. पावापुरती बांगडी कापायची कशी, सांग बरं!

सिस्टर : कशी कापलीत?

काकू : पत्र्याच्या कातरीनं. खसखशीएवढा तुकडा हवा होता. तो उडाला आणि फरशीच्या फटीत गेला. आम्ही दोघं, ती बाई, मागची सगळी रांग, गुडघ्यांवर! नाहीच सापडला. मग ठरवलं, कमीत कमी साखळीची एक कडी घ्यायची आणि सुटे म्हणून साबण, मीठ, मेणबत्त्या द्यायच्या.

सिस्टर : तरीच! आमच्याकडे साबणाची चळत होती नुसती. पोटात काही नसलं तरी आम्ही भावंडं लखलखीत.

काकू : सोनं तोलायच्या छोट्या तराजूला फुंकरही सोसायची नाही. मी ओरडायचे, ‘श्वास रोखा!’ आणि अख्खी रांग गाल फुगवून उभी.

सिस्टर : मीसुद्धा उभी असायचे की, आईचा पदर धरून.

काकू : हसू नकोस, बाळ. मला पुढचं सांगायचंय. तुझी आई दर शनिवारी एक कडी आणायची. एकाच साखळीची. आणि मी दर शनिवारी ती कसोटीच्या दगडावर घासायचे.

सिस्टर : खरं की खोटं बघायला. सगळेच बघायचे.

काकू : पहिल्यांदा ठीक आहे. साखळी खरी आहे हे कळल्यावर पुन्हा कशाला? घासलं की दगडावर रेघ उठते, आणि ती रेघ सोन्याचीच असते. वजन मी घासल्यानंतर करायचे. दुकान बंद झालं की दगडावर मऊ मेण दाबायचे. रेघा मेणाला चिकटून यायच्या. मेण जाळलं की सोनं उरायचं. ह्यांनाही पत्ता नव्हता.

सिस्टर : किती निघालं?

काकू : वर्षभरात, सगळ्या गिऱ्हाइकांचं मिळून एका अंगठीपुरतं. ती करून घेतली, पण कधी बोटात घालवली नाही मला.

सिस्टर : आणि आई? ती काहीच बोलली नाही?

काकू : एकदा हळूच म्हणाली, ‘ताई, तीच साखळी आहे हो.’ मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘माझा विश्वास सोन्यावर, माणसांवर नाही.’ आणि मुद्दाम जोर लावून घासली. लाज मला वाटायला हवी होती. मान तिनं खाली घातली.

सिस्टर : आईला माहीत होतं, काकू.

काकू : काय माहीत होतं?

सिस्टर : दगडाचं. कातरण कुणाकडे राहतं हे शिवणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागतं का? घरी येऊन म्हणायची, आज थोडी जास्तच घासली.

काकू : मग भांडली का नाही माझ्याशी?

सिस्टर : तुमच्याशिवाय कडी घेणारं दुसरं दुकान नव्हतं.

काकू : ...ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान मोबाईलवाल्याला विकलं. दगड कुठे गेला, देव जाणे. ही अंगठी तेवढी राहिली. उशीखालीच आहे, घे.

सिस्टर : मला कशाला? आई खाली गाडीत बसली आहे. इथून तिला डोळे दाखवायला न्यायचंय.

काकू : आहे ती? मला वाटलं...

सिस्टर : आहे तर. शिवण सुटलं, जीभ तशीच आहे.

काकू : मग तूच दे ना तिला. सांग, जुन्या सामानात सापडली म्हणून.

सिस्टर : नाही, काकू. ते मी नाही सांगणार.

काकू : दोन जिने आहेत गं. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत.

सिस्टर : मी धरते.

काकू : ओळखेल मला?

सिस्टर : दिसत नाही तिला फारसं. पण आवाजावरून लगेच ओळखेल.

काकू : त्याचीच भीती वाटते.

सिस्टर : चपला कुठे आहेत तुमच्या?